उत्तरेश्वरच्या गोळ्या

डॉक्टर आम्रपाली मेश्रामला पेशंटशी बोलायची मनाई होती. अगदीच तोंड शिवून बसायचं असं नाही. 'या', 'बसा', 'तयार?', 'चला', 'झालं' एवढे शब्द चालत. पण 'कसं वाटतंय' हे विचारायचं नाही, आणि पेशंट आपणहून सांगायला लागला तर त्याला थांबवायचं, असं नव्या औषधाच्या ट्रायलच्या नियमांत स्वच्छ लिहिलेलं होतं. त्याला कारणही होतं. अर्ध्या पेशंटना खरं औषध मिळत होतं आणि अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या पोकळ गोळ्या. कोणाला काय, हे पेशंटला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं, पुण्यात कोणालाच नव्हतं. जी मोजणार, तिच्या मनात जरा जरी अंदाज शिरला तरी स्टॉपवॉचवरचा तिचा अंगठा अर्धा सेकंद आधी पडणार. म्हणून तिने फक्त मोजायचं.

दुसऱ्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये फरशीवर दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या. मधलं अंतर पंचवीस फूट. पेशंटने एका पट्टीपासून दुसरीपर्यंत जमेल तितक्या लवकर चालायचं. मग खोलीत बसून नऊ भोकांच्या पाटीत नऊ खुंट्या घालायच्या आणि काढायच्या, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. दर तीन महिन्यांनी हेच. अकरा पेशंट होते. मल्टिपल स्क्लेरोसिस, त्यातही हळूहळू वाढतच जाणारा, मधे न थांबणारा प्रकार.

या रोगाकडे आम्रपाली वळली त्यामागे काही गोष्ट वगैरे नव्हती. घरात कोणाला झालेला नव्हता. भंडाऱ्याहून ती शिकायला आली, एमडी झाली, संशोधनाची जागा निघाली तेव्हा डॉक्टर श्रीनिवास ओक यांच्याकडे हाच विषय चालू होता. पण सात वर्षांत तो तिच्या अंगात भिनला. शरीराची स्वतःची फौज स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, त्यांच्यावरचं आवरण कुरतडून टाकते, आणि मेंदूने दिलेला हुकूम पायापर्यंत पोचेपर्यंत वाटेतच विरतो. ही फौज आवरायची औषधं निघाली होती. गेलेलं आवरण परत चढवायचं औषध मात्र कोणाजवळ नव्हतं. ही गोळी ते करील अशी आशा होती. उंदरांत तिने केलं होतं.

सात नंबरचा पेशंट उत्तरेश्वर लोमटे. वय एकेचाळीस. केज तालुक्यातला, पण वीस वर्षांपासून पुण्याजवळच्या मांजरीत. तिथे उसाला पाणी देणाऱ्या मोटारी जळल्या की त्या उघडून, जुनी तार काढून, नवी तार भरून देण्याचं त्याचं दुकान होतं. ओक सरांनी पहिल्या दिवशी त्याला रोग समजावून सांगायला कागदावर चित्र काढलं, तेव्हा त्याने ते अर्ध्यातच ओळखलं.

"म्हंजे तारेवरचं वार्निश गेलंय."

"तसंच," ओक म्हणाले.

"मग तार काढून नवी भरायची."

"तुमच्यात नवी तार मिळत नाही. आहे त्याच तारेला वार्निश लागतंय का बघायचं."

उत्तरेश्वरने मान डोलावली. त्याच्यामागे त्याची बायको रुपाली त्याची काठी धरून उभी होती. तिने विचारलं, "लागंल का?"

"ते बघायलाच ट्रायल आहे," ओक म्हणाले.

पहिल्या दिवशी पंचवीस फूट चालायला त्याला एकवीस सेकंद लागले. उजवा पाय फरफटत येई. खुंट्या घालताना दोन खाली पडल्या. ज्या माणसाने केसासारखी तार खाचेत बसवण्यात उमेदीची वर्षं घालवली, तो पडलेल्या खुंटीकडे बघत राहिला आणि मग त्याने आम्रपालीकडे पाहिलं. तिने खुंटी उचलून दिली नाही. नियम होता.

तीन महिन्यांनी एकवीसच. सहा महिन्यांनी वीस. नवव्या महिन्यात साडेअठरा. आम्रपालीने आकडा लिहिला आणि चेहरा कोरा ठेवला. बाकीच्या दहांत तिघे खालावत चालले होते, एक बाई तर काठीवरून वॉकरवर आली होती. वर्षाने उत्तरेश्वर सतरा सेकंदांत आला. पट्टी ओलांडून भिंतीला हात लावून तो हसला.

"मॅडम, मला खरी गोळी हाय. मला कळतंय."

"लोमटे, आपण यावर बोलायचं नाही."

"तुम्ही नका बोलू. मी आपलं सांगतो."

"तेही नाही."

तो गप्प झाला, पण हसू तसंच राहिलं. रुपाली म्हणाली, "परवा मोटारीचा स्टेटर भरला त्यांनी, नव्या तारेनं. पूर्ण नाय, पण निम्मा भरला." आम्रपालीने हे ऐकलंच नाही असं दाखवून पुढचा फॉर्म काढला. घरी गेल्यावर मात्र ते वाक्य तिच्या डोक्यातून हलेना. कोथरूडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कुकर लावता लावता ती एकटीच म्हणाली, "निम्मा भरला."

रविवारी भंडाऱ्याहून आईचा फोन आला की ती एकदा तरी विचारायचीच. "तुझ्या औषधाचं काय झालं?"

"माझं नाही गं ते. कंपनीचं आहे. अजून वर्ष आहे."

"कोणाला गुण आला का?"

"मला सांगता येत नाही."

"मले बी नाही?" आई म्हणे. वडील, बाबुराव, पोस्टातून निवृत्त झालेले, मागून म्हणत, "तिला नियम हाय. विचारू नको." नियम म्हटलं की बाबुरावांना पटायचं. सगळी नोकरी त्यांनी नियमाने केली होती आणि त्या नोकरीनेच पोरीला इथवर आणलं होतं.

अठराव्या महिन्यात, ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी, ईमेल आला. बारा देशांतल्या सातशेहून जास्त पेशंटचे आकडे स्वतंत्र समितीने मधेच तपासले होते. खऱ्या गोळीचा गट आणि पोकळ गोळीचा गट, दोन्हींत फरक नव्हता. पुढे चालवून फरक दिसण्याची शक्यताही नव्हती. ट्रायल बंद. पेशंटना शेवटच्या तपासणीला बोलवा, उरलेल्या गोळ्या पंधरा दिवसांत परत घ्या.

आम्रपाली ओकांच्या खोलीत गेली. त्यांनी तो वाचलेला होता. चष्मा काढून ते म्हणाले, "उंदरांना कळवा. ते एकटेच बरे झाले."

"सर, सात नंबर."

"सात नंबर एक माणूस आहे. हे सातशे आहेत."

"चार सेकंद कमी झालेत त्याचे."

"आणि तो कोणत्या गटात आहे?"

"माहीत नाही."

"मग आपण कशाबद्दल बोलतोय?" ते चिडून बोलत नव्हते. तेवीस वर्षांत त्यांनी अशी चार औषधं नापास होताना पाहिली होती.

शेवटच्या तपासणीला उत्तरेश्वर आणि रुपाली स्वारगेटला बस बदलून आले. ट्रायल बंद झाल्याचं त्यांना फोनवर सांगितलेलं नव्हतं, समोर बसवून सांगायचं होतं. आधी मोजमाप. तो पट्टीवर उभा राहिला, काठी रुपालीकडे दिली आणि काठीशिवाय चालत आला. चौदा पूर्णांक आठ. दीड वर्षातला सगळ्यात चांगला आकडा. आम्रपालीने तो लिहिला.

मग ओकांनी सांगितलं. अगदी साध्या शब्दांत, घाई न करता सांगितलं. उत्तरेश्वरने सगळं ऐकून घेतलं.

"बाकीच्यांना लागू पडलं नाय, म्हणून माझं बंद?"

"तुम्हाला यानेच बरं वाटतंय, हे आपल्याला माहीत नाही. या आजारात कधी कधी आपोआपही बरं वाटतं."

"आणि यानंच वाटत असंल तर?"

ओकांनी हात टेबलावर ठेवले. "तरी माझ्याकडे द्यायला नाही."

गोळ्या मोजायचं काम त्या दिवशी आम्रपालीकडे आलं, कारण ते करणारी मुलगी रजेवर होती. हिशोबाने एकेचाळीस गोळ्या परत यायला हव्या होत्या. रुपालीने पिशवीतून बाटली काढून ठेवली. रिकामी.

"बाकीच्या?"

"हरवल्या," उत्तरेश्वर म्हणाला.

"एकेचाळीस गोळ्या?"

"बसमधी सांडल्या."

बाटलीचं झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नसे. हे तिघांनाही ठाऊक होतं. फोनवर कोणी सांगितलं नसलं तरी शेवटची तपासणी दीड महिना आधी का बोलावली, याचा अंदाज या माणसाला आला होता. आम्रपालीने त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचे कान लाल होतात, तसे त्याचे झाले होते. तिने फॉर्मवर लिहिलं, 'प्रवासात गहाळ', आणि सही केली. नोकरीत तिने केलेली ही पहिली खोटी नोंद.

"रक्ताची तपासणी महिन्याला करून घ्या," ती खालच्या आवाजात म्हणाली. "यकृताची. कुठेही करा. डोळे पिवळे दिसले तर लगेच दवाखाना गाठा." रुपालीने मान हलवली.

त्यानंतर तिने जे जे करता येईल ते केलं. कंपनीला लिहिलं: एका पेशंटला स्पष्ट फायदा दिसतोय, त्याच्यापुरतं औषध चालू ठेवता येईल का. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. एथिक्स कमिटीच्या सचिवांना भेटली. ते म्हणाले, कंपनी देत असेल तर आमची हरकत नाही. तिसऱ्या पत्राला एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. आपल्या कळकळीबद्दल आभार, या औषधाचं उत्पादन थांबवलेलं आहे, शिल्लक साठा नष्ट करण्यात येत आहे.

साठा न्यायला कंपनीचा राकेश नावाचा माणूस आला. कपाटात सहा बाटल्या उरल्या होत्या. त्यांतल्या दोन बाटल्यांवर सात नंबर होता, पुढच्या तपासणीला द्यायच्या म्हणून आलेल्या. नव्वद गोळ्या. राकेश खाली चहा प्यायला गेला आणि ती पंधरा मिनिटं त्या कपाटासमोर उभी होती. पर्स खांद्याला होती. दोन बाटल्यांना जागा लागते ती किती. पण त्यांत औषध आहे की पोकळ गोळ्या, हे तिला माहीत नव्हतं. औषध असेल तर तीन महिने पुरेल, मग पुढे काय, तेही माहीत नव्हतं. सापडलं तर नोकरी जाईल आणि बाबुरावांना तोंड दाखवता येणार नाही, हे मात्र पक्कं माहीत होतं. राकेश आला, त्याने सहाही बाटल्या डब्यात घालून पट्टी लावली, तिने सही केली. आपण नियम पाळला की भ्यालो, याचं उत्तर तिला तेव्हा सापडलं नाही आणि नंतरही नाही.

जानेवारीत यादी आली. कोणत्या पेशंटला काय दिलं होतं, त्याची. अकरांपैकी सहा जणांना खरं औषध होतं. सहांतले तिघे खालावले होते, दोघे होते तिथेच होते आणि एक सुधारला होता. सुधारलेला सात नंबर.

ओकांनी यादी पाहिली. "म्हणजे बाटल्यांत औषध होतं," आम्रपाली म्हणाली. कपाटासमोरची गोष्ट तिने त्यांना कधी सांगितली नव्हती, पण बहुधा त्यांना कळली असावी.

"मेश्राम, स्वतःला देव समजत असाल तर खालची स्टोअररूम रिकामी आहे. घंटा टांगून देतो." मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, "मीही त्या कपाटाकडे दोनदा जाऊन आलो."

पेशंटला पत्राने कळवलं तरी चाललं असतं. ती रविवारी स्वतःच मांजरीला गेली. उसाच्या शेतांना खेटून नव्या सोसायट्यांचे मनोरे उभे राहत होते, त्यांच्या मधल्या रस्त्यावर दुकान होतं. दारात जळक्या मोटारींची रांग होती. उत्तरेश्वर आत प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. काठीच्या जागी वॉकर आला होता. ट्रायल संपली होती, आता विचारायला आडकाठी नव्हती. तिने विचारलं, "कसं वाटतंय?"

"दिवाळीपतुर ठीक होतं. अर्धी अर्धी घेत होतो. दिवाळी झाली, आठवड्यानं संपल्या." तो पायांकडे बघत बोलला. "नाताळात न्हाणीत पडलो. तवापासनं उजवा पाय आपला नाय."

तिने यादीतली गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "मग मला बरं झालं ते गोळीनं, का आपसूक?"

"माहीत नाही."

"आणि आता खालावलो ते गोळी सुटली म्हणून, का तेबी आपसूक?"

"तेही माहीत नाही, लोमटे."

"तुम्हाला म्हाईत नाय म्हंजे कुणाला म्हाईत?"

"कुणालाच नाही."

रुपाली कोपऱ्यात बसून जळक्या मोटारीतली तार उपसत होती. ती मान वर न करता बोलली. "दीड वरीस तुम्ही घड्याळ लावून बघितलं. चांगलं झालं तरी बघितलं, वाईट झालं तरी बघणार. तुमचं काम बघायचं."

पर्समधला कागद काढायला आम्रपालीला लाज वाटली, पण ती त्यासाठीही आली होती, आणि आता न काढणं हे जास्त खोटं झालं असतं. तिने सांगितलं: सहांतला एकच का सुधारला, हे तिला शोधायचंय. त्याचं जुनं रक्त, मेंदूचे स्कॅन, आणि नव्याने थोडं रक्त. परवानगी लागेल.

"ह्यांना काय उपेग?" रुपालीने विचारलं.

"यांना नाही. कदाचित कोणालाच नाही."

"मग कशाला द्यायचं?"

उत्तरेश्वरने हात पुढे केला. "आणा इकडं. जळकी मोटार कुणी न उघडता भंगारात टाकतं का? उघडून बघावं लागतं कुठं जळली ते." पेन त्याला बोटांत धरवेना. रुपाली उठली, तारेने काळे झालेले हात पदराला पुसले, आणि त्याचा हात धरून सही करवली. मग चहा केला. रागावलेल्या माणसाने केलेला चहा होता, साखर कमी पडली होती, पण तिघांनी बसून घेतला.

आम्रपालीने त्या कामावर सव्वा वर्ष घालवलं. रक्तातली निम्मी जनुकं पालथी घातली. स्कॅन एकावर एक ठेवून मिलिमीटर मिलिमीटर मोजले. मेंदूत आवरण गेलेल्या एका डागाची कड जरा सुधारल्यासारखी दिसत होती, पण ते यंत्राच्या चुकीइतकंच होतं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे तिला पहिल्या दिवशी ठाऊक होतं तेच शेवटच्या दिवशी ठाऊक होतं. लेख दोन ठिकाणांहून परत आला. तिसऱ्या मासिकाने दीड पान छापलं.

ती ते घेऊन मांजरीला गेली तेव्हा उत्तरेश्वर व्हीलचेअरवर होता. मधल्या काळात ती सात-आठ वेळा येऊन गेली होती. पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी तिनेच मिळवून दिली होती, व्यायाम दाखवायला माणूस पाठवला होता. तो बारीक झाला होता, बोलणं जरा ओढल्यासारखं येई, पण दुकान चालू होतं. मोटार आता रुपाली भरत होती. तो समोर बसून सांगे, ती तार खाचेत बसवे, आणि चुकली की तो म्हणे, "परत."

त्याने लेखाची पानं मांडीवर घेतली. "ह्यात मी कुठं हाय?"

तिने बोट ठेवलं. इंग्रजीत 'एकेचाळीस वर्षांचा पुरुष' असं लिहिलेलं होतं.

"आता चव्वेचाळीसचा झालो," तो म्हणाला. "सापडलं का काही?"

"नाही."

"दुसरी गोळी येणार हाय का?" हे रुपालीने विचारलं. तिचे हात चालूच होते.

येणार होती. जूनपासून दुसऱ्या औषधाची ट्रायल सुरू होणार होती, ओकांच्याच विभागात. आम्रपालीला वाटलं, नाही म्हणून टाकावं. पण या दोघांशी एवढं खरं बोलून झाल्यावर तेवढं खोटं जमेना. "येतेय. पण जे काठी घेऊन का होईना चालू शकतात, त्यांनाच घेणार आहेत."

बाहेर ट्रॅक्टर थांबला, एक शेतकरी आत डोकावून म्हणाला, "वैनी, माझी झाली का?"

"चार वाजता या," रुपाली म्हणाली. तो गेला.

उत्तरेश्वरने पानं दुमडून तिला परत दिली. मग रुपालीला म्हणाला, "तिसऱ्या खाचेत दोन वेढे कमी पडलेत. उसव." रुपालीने तार उसवली. आम्रपाली थोडा वेळ बसली, मग जाते म्हणाली, आणि स्वारगेटच्या बसमध्ये बसली.

सोमवारी ओकांनी नव्या ट्रायलसाठी जुन्या पेशंटची यादी तिच्या टेबलावर ठेवली. चौसष्ट नावं. "यांतले चालणारे काढा. दुपारपर्यंत फोन व्हायला हवेत. लोमट्यांचं नाव मी आधीच काढतो, म्हणजे तुम्हाला..."

"नको सर. मीच काढते."

तिने तेविसाव्या नावावर पट्टीने सरळ रेघ मारली आणि शेजारी कारण लिहिलं, कारण रकाना रिकामा ठेवायचा नव्हता. मग चोविसावं नाव वाचलं, शर्मिला कुदळे, आणि फोन उचलला.